कौलाचे रूप, पत्र्याचा जीव

कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणारा रस्ता जेमतेम पंचावन्न किलोमीटरचा, पण तेवढ्या अंतरात पाऊस पाचपट होतो. शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पडतो, घाटमाथ्यावर तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. घरांची छपरे या पावसाला धरूनच घडली. शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला पाखी पसरट. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्यात ती उभी, आणि वळचण इतकी खाली आलेली की घरात शिरताना मान लववावी लागते. भिंती मातीच्या होत्या, त्यांना पावसाचा मार लागू नये म्हणून छपरानेच पुढे येऊन तो झेलायचा, अशी ही रचना होती.

आता त्याच रस्त्यावर लाल, चकचकीत छपरे दिसतात. लांबून ती कौलारू वाटतात, कारण त्यांच्यावर कौलांच्या ओळी असतात, ओळींना पायऱ्या असतात, पायऱ्यांखाली सावलीही पडते. जवळ गेल्यावर कळते की तो रंगवलेला पोलादी पत्रा आहे, साच्यात दाबून कौलासारखा केलेला. बाजारात त्याला टाइल प्रोफाइल पत्रा म्हणतात. पन्हाळ्याच्या वाटेवरची फार्महाऊस, आंबा घाटातली रिसॉर्ट, हायवेवरची हॉटेले, आणि आता गावातली साधी घरेही त्याने झाकली जात आहेत. त्याच्या जोडीला कौलाच्या आकाराचे प्लास्टिकचे पत्रे आहेत, रंगीत सिमेंटची कौले आहेत आणि गवताचे छप्पर वाटावे असे प्लास्टिकचे झावळेही आहेत.

या सगळ्या साहित्याने कौलाचा आकार घेतला आहे. कौलाचे गुण मात्र आकारात कधीच नव्हते. ते भाजलेल्या मातीत, तिच्या वजनात आणि प्रत्येक कौल सुटे असण्यात आहेत. म्हणून नकली छपराचे तोटे समजून घ्यायचे तर आधी खरे कौल छपरावर बसून काय काम करते ते पाहायला हवे.

कौलाची कामे

एक मंगलोरी कौल दोन ते तीन किलोचे असते आणि एका चौरस मीटरला अशी साधारण पंधरा लागतात. म्हणजे दर चौरस मीटरला तीस ते पंचेचाळीस किलो वजन वाशांवर बसते. हे ओझे पेलायला लाकूड जास्त लागते, पण वाऱ्याला तेच जुमानत नाही.

दुसरे काम उष्णतेचे. भाजलेली माती सावकाश तापते. शिवाय कौले एकमेकांवर नुसती टेकलेली असतात, त्यामुळे शेकडो बारीक फटींतून हवा खेळती राहते. दुपारी आढ्याखाली साठणारी गरम हवा तिथूनच निघून जाते. चुलीचा धूरही याच वाटेने जातो, आणि जाता जाता वाशांतली कीड रोखतो. वळवाच्या सरीत कौल थोडे पाणी पिते आणि ऊन पडले की ते पाणी उडून जाताना छप्पर गार करते.

तिसरे काम दुरुस्तीचे, आणि ते फार मोलाचे आहे. एक कौल फुटले तर एकच बदलावे लागते. मे महिन्यात घर शाकारताना कौले उतरवायची, झाडायची, कुजलेली रीप काढून नवी ठोकायची, फुटकी कौले वगळायची आणि बाकीची पुन्हा चढवायची. उजेड हवा असेल तिथे एखादे काचकौल बसवायचे. हे काम गावातल्या माणसाला येत होते आणि त्याला लागणारे सामान परड्यात रचून ठेवलेले असे.

मंगलोरी कौलही एकदा नवेच होते

जुने ते सारे चांगले आणि नवे ते वाईट, असे इथे म्हणायचे नाही. ज्याला आपण आज परंपरा म्हणतो ते मंगलोरी कौल स्वतःच बाहेरून आलेले आहे. त्याआधी आपल्याकडे कुंभाराच्या हातची नळीची कौले होती. चाकावर नळकांडे ओढायचे, उभे चिरायचे आणि भाजायचे. ती हलकी, पातळ आणि एकमेकांवर नुसती पसरलेली. माकड चालले, मांजर धावले की सरकायची.

फ्रान्समधल्या अल्सास प्रांतात झिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली खाचांनी एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाचे पेटंट घेतले. बाझेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला, नेत्रावती नदीच्या काठच्या मातीतून, त्या जातीची कौले यंत्रावर काढायला सुरुवात केली. जहाजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि घाटवाटांनी व रेल्वेने वर चढली. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, तेव्हा जड माल करवीर संस्थानात आणणे सोपे झाले.

मंगलोरी कौलाने नळीच्या कौलाची नक्कल केली नाही. त्याने स्वतःचा आकार आणला: वरच्या ओळीचे पाणी खालच्या ओळीवर नेणारी खाच, शेजाऱ्याला धरणारी कड, मागे रिपेत अडकणारे नाक. त्यातली प्रत्येक रेघ पाण्यासाठी किंवा पकडीसाठी आहे. साहित्य नवे असले तरी आकार त्याच्या कामातून आला होता, म्हणून ते दीडशे वर्षे टिकले. आजच्या नकली छपरांत नेमके उलटे घडते. आकार आधी ठरतो आणि साहित्याला तो सोसावा लागतो.

पत्र्याला पायऱ्या पाडल्या की

साधा पन्हळी पत्रा हा प्रामाणिक माल आहे. त्याच्या लाटा उताराच्या दिशेने धावतात, त्यामुळे पत्र्याला ताकद येते आणि पाणी सरळ वाहून जाते. टाइल प्रोफाइलमध्ये या लाटांना आडव्या पायऱ्या पाडल्या जातात. त्या पाडताना पोलाद ताणले जाते आणि त्यावरचा रंगही ताणला जातो. बाकावर बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात, आणि माल हलका असेल तर गंज तिथूनच डोके वर काढतो. पाण्याचा वेग प्रत्येक पायरीपाशी मोडतो आणि धूळ, पाने, काजळी तिथेच अडकते. पन्हळीच्या ठिकाणी, जिथे दोन पाखी मिळतात, पायऱ्यांचा पत्रा तिरका कापून नीट बसवणे अवघड असते. गळतीच्या तक्रारी बहुधा याच जागेच्या असतात.

वजनाचा हिशेब सर्वांत बोलका आहे. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला चारेक किलोचा, म्हणजे कौलाच्या दहाव्या हिश्शाएवढा. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सत्तेचाळीस किलोच्या आसपास जातो. कौलाचे वजन या आकड्याच्या जवळपास असते, आणि फटींमुळे आतला-बाहेरचा दाब काही अंशी सारखाही होतो. पत्र्याच्या बाबतीत सगळी भिस्त स्क्रूंवर असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कौलेही उडाली आणि पत्रेही उडाले. पण कौलांचे छप्पर बऱ्याचदा तुकड्यातुकड्याने उघडे पडते. पत्रा सुटला की अख्खा सुटतो आणि धारदार पात्यासारखा दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. कोल्हापूरला समुद्र नाही, पण एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वावटळीत गोठ्यांचे आणि शाळांचे पत्रे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

स्क्रूचेही आयुष्य असते. मध्यम घराच्या छपराला शेकडो स्क्रू लागतात, म्हणजे तेवढी छिद्रे आपण आपल्याच हाताने पाडतो. प्रत्येक छिद्राचा भरवसा एका रबरी वायसरवर. स्क्रू जास्त आवळला तर वायसर चेपून फाटते, कमी आवळला तर पाणी शिरते, आणि बरोबर आवळला तरी उन्हाने रबर काही वर्षांत कडक होते. पत्रा वीस वर्षांचा सांगितला जातो, वायसरचे आयुष्य कोणी सांगत नाही.

उष्णतेत पत्रा कौलाची बरोबरी करूच शकत नाही. एप्रिलच्या दुपारी गडद लाल पत्रा साठ अंशांच्या पुढे सहज जातो आणि ती आग लगेच खाली सोडतो. हिवाळ्यात उलट होते. पहाटे पत्रा हवेपेक्षा गार पडतो, घरातली वाफ त्याला खालून चिकटते आणि पत्र्याला घाम सुटतो. अंथरुणावर थेंब पडतात आणि छप्पर गळते आहे अशी घरच्यांची समजूत होते. प्लास्टिकचे किंवा जिप्समचे सिलिंग लावले तर घाम दिसत नाही, पण वर साठून तो लोखंडी ट्रस आतून गंजवतो. आवाजाचे तर बोलायलाच नको. गगनबावड्याच्या आषाढात उघड्या पत्र्याखाली शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते.

काजळी, गोठा आणि ग्राइंडर

कंपनीच्या पुस्तिकेत स्वच्छ आकाशाखालचे छप्पर असते. कोल्हापूरचे आकाश वेगळे आहे. गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, कारखान्यांच्या धुराड्यांतून उसाच्या चिपाडाची काजळी उडते आणि मैलभर परिसरात खाली बसते. सपाट, साध्या पत्र्यावरून पहिल्या पावसात ती धुऊन जाते. पायऱ्यांच्या पत्र्यावर ती कोपऱ्यात साठून ओल धरते, आणि जिथे ओल टिकते तिथे रंगाचे आयुष्य घटते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्री पट्ट्यात लोखंडाचे बारीक कण हवेत असतात. ते पत्र्यावर बसून गंजले की तपकिरी ठिपके पडतात.

गोठ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. हा दुधाचा जिल्हा. कित्येक घरांत गोठा घराला लागूनच, एकाच छपराखाली असतो. शेण-मुताचा अमोनिया आणि ओलावा मिळून जस्ताचा थर खातात, आणि अॅल्युमिनियम-जस्ताचा थरही तिथे टिकत नाही. म्हणून हमीच्या कागदावर जनावरांच्या निवाऱ्याला हमी लागू नाही अशी अट बहुधा असते, आणि ती बारीक अक्षरांत असते. पत्रा वरून लाल आणि नवा दिसत असतानाच खालून सडतो. मातीच्या कौलाला अमोनियाची पर्वा नाही.

तिसरा शत्रू बसवणाऱ्याच्या हातात असतो. ग्राइंडरने पत्रा कापला की ठिणग्या उडतात, त्या रंगात रुततात आणि महिनाभरात तिथे गंज दिसतो. कापलेल्या कडेचा संरक्षक थरही जळून जातो. कातरीने किंवा निबलरने कापावे, हे प्रत्येक चांगल्या फॅब्रिकेटरला माहीत असते, पण घाईच्या कामात ग्राइंडरच चालतो.

प्लास्टिक, सिमेंट आणि नकली झावळे

गंजत नाही म्हणून पीव्हीसीच्या जातीची कौलरूपी पाने विकली जातात. त्यांच्यावर ऊन सोसणारा एक पातळ थर असतो आणि त्यांचा आवाजही पत्र्याइतका होत नाही, हे मान्य करायला हवे. पण प्लास्टिक उन्हात पोलादाच्या पाच-सहापट पसरते. सहा मीटरचे पान पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत, चाळीस अंशांच्या फरकात, पंधरा मिलिमीटरच्या वर लांब होते. स्क्रूचे छिद्र ऐसपैस ठेवले नाही तर पान फुगते आणि स्क्रूपाशी चिरते. सत्तर-ऐंशी अंशांजवळ पीव्हीसी मऊ पडू लागते, त्यामुळे रिपांमधले अंतर जास्त असेल तर पाने झोळ धरतात. वरचा थर झिजला की माल ठिसूळ होतो, आणि मग वळवाच्या गारा पुरेशा होतात. सुटे पान बदलायला तोच साचा, तोच रंग आणि तोच कारखाना चालू असावा लागतो.

रंगीत सिमेंटचे कौल या सगळ्यांत मूळ कौलाच्या सर्वांत जवळ. ते सुटे आहे, जड आहे, जळत नाही. पण त्याचा रंग वरून दिलेला असेल तर उडतो आणि खालचा करडा सिमेंट दिसू लागतो. घाटाच्या ओलीत त्यावर शेवाळ लवकर धरते. मातीचे कौलही काळवंडते, पण त्याचा रंग आतपर्यंत तोच असतो.

रिसॉर्टांवरचे प्लास्टिकचे झावळे तर केवळ शोभेसाठी आहेत. गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे छप्पर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागायचे, पण जुने शेतात कुजून खत व्हायचे. प्लास्टिकचे पाते उन्हाने पिचते आणि त्याचे तुकडे ओढ्यात जातात.

अमेरिकेतला धडा

नव्या साहित्याला जुन्याचे रूप देण्याची ही चूक केवळ आपणच करतो आहोत असे नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सीडरच्या लाकडाच्या फाळलेल्या फळ्यांनी घरे शाकारायची जुनी पद्धत होती. नोव्हेंबर १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागात वणवा शिरला. जळत्या फळ्या वाऱ्यावर उडून पुढच्या छपरांवर पडत गेल्या आणि पाचशेच्या आसपास घरे गेली. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर पंचवीस माणसे दगावली आणि तीन हजारांच्या आसपास घरे जळाली. लाकडी छपरांवर निर्बंध आले, पण लोकांना लाकडाचे रूप सोडवत नव्हते.

मग लाकडाच्या रेषा उमटवलेल्या सिमेंटच्या फळ्या बाजारात आल्या. ॲस्बेस्टॉस घातक ठरल्याने त्याच्या जागी लाकडाचा लगदा वापरला होता. प्रयोगशाळेत त्या न जळणाऱ्या ठरल्या, आणि पन्नास वर्षे टिकण्याचे वायदे झाले. पण लगदा ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो. ऊन-पावसाच्या फेऱ्यांत कित्येक छपरांवरच्या फळ्यांचे थर सुटले, कडा भुसभुशीत झाल्या, पाय ठेवताच त्या मोडू लागल्या. काही ठिकाणी दहा वर्षेही गेली नाहीत. घरमालक कोर्टात गेले आणि काही उत्पादने कायमची बंद झाली.

या प्रकरणात साहित्याची एकच परीक्षा झाली होती, आगीची. पाण्याची परीक्षा घरमालकांच्या छपरांवर झाली. आपल्या पश्चिम घाटात चार महिने पाऊस आणि त्यानंतर कडक ऊन. इथे नवे साहित्य आणताना दुसऱ्या कुठल्या कोरड्या शहरातल्या हमीवर विसंबणे धोक्याचे आहे.

आगीचे काय

माती एकदा भट्टीत भाजून निघालेली असते, ती घराच्या आगीत पेटत नाही. पण कौलाखालचे लाकूड पेटते, हे विसरून चालणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले, तेव्हा जुन्या लाकडी वास्तू किती नाजूक असतात ते साऱ्या कोल्हापूरने पाहिले. अशा वास्तू पुन्हा उभारताना पोलादी सांगाडा घेणे योग्यच आहे.

पण पत्रा म्हणजे आगीपासून सुटका, हा समजही अर्धवट आहे. पोलाद जळत नाही, त्याखाली चिकटवलेला फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पीव्हीसी जळताना झोंबणारा आम्लधूर सोडते. उकाडा आणि आवाज कमी करायला आपण पत्र्याखाली जे जे लावतो, ते आगीत काय करील हा प्रश्न विकत घेतानाच विचारायचा असतो.

लोक कौल का सोडतात

एवढे सगळे असूनही माणसे कौल उतरवतात, आणि त्यांची कारणे खरी आहेत. पन्हाळा, जोतिबाच्या परिसरात माकडांच्या टोळ्या छपरावरून धावतात आणि दर हंगामात कौले फोडतात. शाकारणी जाणणारी माणसे शहरात किंवा कारखान्यात कामाला गेली. सागवान परवडत नाही. छपरावर चढणारे म्हातारपणी चढू शकत नाहीत. पत्र्याचे काम दोन दिवसांत होते आणि निदान पहिली काही वर्षे त्याकडे बघावे लागत नाही. मातीच्या भिंती महापुरात खचलेल्या घरांना हलके छप्पर लवकर हवे असते.

म्हणून पत्रा लावणाऱ्याला दोष देता येत नाही. मात्र एक गोष्ट आधी सांगायला हवी: कौलावरून पत्र्यावर जाणे सोपे, परत येणे फार अवघड. पत्रा हलका म्हणून सांगाडाही हलका करतात, वासे विकतात, रिपांच्या जागी दूरदूर चौकोनी पाइप टाकतात. पंधरा-वीस वर्षांनी पत्रा सडला की त्या सांगाड्यावर कौल चढवता येत नाही. जुनी, ठोकल्यावर खणखणीत वाजणारी कौले तोवर कुणीतरी नेलेली असतात.

निवड करताना

वासे शाबूत असतील तर पहिला पर्याय दुरुस्तीचा. रिपा बदलाव्यात, फुटकी कौले काढून जुन्या बाजारातून त्याच मापाची आणावीत, माकडांचा त्रास असेल तर वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळी तारेने बांधाव्यात. लाकूड गेले असेल तर पोलादी कैच्यांवर पुन्हा मातीचेच कौल बसवता येते, आणि शाळा, देवळे, जुने वाडे यांच्यासाठी तोच मार्ग धरावा.

पत्राच घ्यायचा असेल तर साधा, सरळ लाटांचा घ्यावा. कौलाच्या पायऱ्यांसाठी जास्त पैसे मोजून आपण कौलाचा एकही गुण विकत घेत नाही. तेच पैसे जाड पोलादात घालावेत. दुकानात जाडी विचारताना रंग आणि जस्तासह किती हे न विचारता मूळ पोलाद किती हे विचारावे, कारण ०.५० म्हणून विकलेल्या पत्र्यात पोलाद बरेच कमी असू शकते. जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियम-जस्ताच्या थराचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम ते बिलावर लिहून घ्यावे. रंग फिका निवडावा. आढ्यापाशी गरम हवा बाहेर जायला वाट आणि सिलिंगवर मोकळी जागा ठेवावी. गोठा वेगळ्या छपराखाली न्यावा. वळचण दोन फूट तरी पुढे काढावी, आणि सांगाडा कौलाचे वजन पेलेल असाच करून ठेवावा. आज थोडा खर्च वाढेल, पण पुढच्या पिढीला कौलाकडे परतायची वाट उघडी राहील.

आणि घरकुलाचे आराखडे करणाऱ्या अभियंत्यांनी, ग्रामपंचायतींनी, रिसॉर्टवाल्यांनी एवढे मनावर घ्यावे: घाटातल्या छपराने आधी घाटाचा पाऊस पेलला पाहिजे, शोभा त्यानंतरची. कुंभाराने नळीचे कौल केले, मंगळूरच्या कारखान्याने खाचांचे कौल केले, ते दोघेही पाण्याशी आणि वाऱ्याशी बोलूनच आकारापर्यंत पोचले. आपल्या पोलादालाही, उद्याच्या एखाद्या नव्या साहित्यालाही, त्याच वाटेने स्वतःचा आकार सापडू शकतो. तसे छप्पर कौलारू दिसले नाही तरी चालेल, त्याखालचे घर मात्र कोरडे, गार आणि दुरुस्त करता येण्याजोगे राहील.